बँकेला कळवायचे ते नादार ठरण्यापूर्वी

एका खासगी बँकेच्या शाखेत काम करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, त्याने जिल्हा न्यायालयात दाखल केलेला नादारीचा (म्हणजे दिवाळखोरीचा) अर्ज आणि त्यानंतर धनकोंशी (कर्ज देणाऱ्यांशी) होऊ घातलेली तडजोड ही बाब त्याने आपल्या बँकेला कळवावी काय. वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डे आणि एका वित्तसंस्थेचे कर्ज असे धनको आहेत. अर्ज दाखल करून घेतला गेला आहे आणि नादार ठरवण्याच्या मुद्द्यावर पुढच्या महिन्यात तारीख आहे. पत्राच्या शेवटी, जणू किरकोळ बाब म्हणून, त्याने लिहिले आहे की त्याच्याच बँकेचे स्टाफ लोन अर्जात दाखवलेले नाही, कारण त्याचा हप्ता पगारातूनच कापला जातो.

नोकरदारांकडून अशी पत्रे वारंवार येतात आणि बहुतेकांना मी नेमणूकपत्रातील अटी वाचायला सांगतो, कारण खासगी नोकरीत उत्तर सहसा तिथेच असते. परंतु बँकेतील नोकराचे उत्तर नेमणूकपत्रात नसून बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ च्या कलम १० मध्ये आहे. जी व्यक्ती नादार ठरली आहे किंवा पूर्वी कधीही ठरली होती, जिने कर्जफेड थांबवली आहे, किंवा जिने आपल्या धनकोंशी तडजोड केली आहे, अशा व्यक्तीला बँकिंग कंपनीने नोकरीत घेऊ नये आणि नोकरीत चालूही ठेवू नये, असे हे कलम सांगते. ही मनाई बँकेवर आहे. शाखाधिकारी कितीही सहृदय असला आणि तुमची सेवा कितीही निर्मळ असली, तरी या कलमापुढे त्यांना फारसा वाव उरत नाही. काही बँकांच्या सेवाशर्तींत अवाजवी कर्जबाजारीपणा हे किरकोळ गैरवर्तन मानले जाते आणि त्यावर ताकीद किंवा तत्सम शिक्षा होऊन प्रकरण संपू शकते. नादारीचा आदेश मात्र तसा संपत नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने बँकेला कळवण्याच्या प्रश्नाआधी एक वेगळा प्रश्न येतो, आणि तो तुम्ही अर्ज दाखल करण्यापूर्वी विचारायला हवा होता. प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० च्या कलम ३८ खालील तडजोड नादार ठरवणारा आदेश झाल्यानंतरच मांडता येते. तुमच्या वकिलांनी आखलेला मार्ग असा आहे की आधी नादार ठरायचे, मग तडजोड करायची आणि तडजोड मंजूर झाली की नादारीचा आदेश रद्द होईल. इतर कोणासाठी हा मार्ग योग्यही असेल, परंतु तुम्हाला तो बँकिंग अधिनियमाच्या कलम १० च्या दोन शब्दप्रयोगांत एकामागून एक अडकवतो. आदेश रद्द झाल्यावर ‘पूर्वी कधीही नादार ठरलेला’ हे वर्णन लागू राहते की नाही यावर वाद घालता येईल. ‘धनकोंशी तडजोड केलेला’ हे वर्णन मात्र राहतेच. एखाद्या कार्डाची रक्कम एकाच बँकेशी बोलून मिटवणे याला ही तरतूद लागते का, यावरही दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण सर्व धनकोंना बांधून घेणारी न्यायालयमान्य योजना ही निःसंशय तडजोड आहे.

तेव्हा सर्व काही पुढच्या महिन्याच्या तारखेवर अवलंबून आहे. अर्ज तुमचा असला तरी नादारी अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे तो न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, आणि ही परवानगी नादार ठरण्यापूर्वी मागण्यात अर्थ आहे. त्या दिवशी न्यायालयाला वेळ मिळाला नाही तर तारीख पुढे जाईल, या भरवशावर बसू नका. वर्षानुवर्षे पडून राहणारी प्रकरणे मी पाहिली आहेत आणि त्या दिरंगाईने कर्जदारांचे किती नुकसान होते हेही जाणतो, परंतु नेमक्या तुमच्याच तारखेला न्यायालय आदेश करणार नाही असे कोणीही सांगू शकत नाही.

स्टाफ लोनबाबत मला स्पष्ट बोलले पाहिजे. कर्जदाराने नादारीच्या अर्जात सर्व धनकोंची नावे आणि रकमा द्याव्या लागतात. हप्ता पगारातून जातो म्हणून कर्ज कर्ज राहत नाही असे होत नाही. ते वगळणे हा निष्काळजीपणा होता, आणि तो वेळीच दुरुस्त केला नाही तर हेतुपुरस्सर लपवल्याचा आरोप होऊ शकतो. अर्ज मागे घेण्याच्या विनंतीतच ही चूक स्वतःहून नमूद करा आणि परवानगी नाकारली गेल्यास मूळ अर्ज दुरुस्त करून घ्या. ते कर्ज सुरुवातीलाच दाखवले असते, तर धनको म्हणून सुनावणीची नोटीस तुमच्या बँकेला केव्हाच गेली असती आणि कळवावे का हा प्रश्नच उरला नसता. शिवाय नादार ठरवणारा आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतो, त्यामुळे तो लपून राहील ही अपेक्षाही सोडून द्या.

आता कळवण्याविषयी. होय, कळवा, आणि लेखी कळवा. मात्र अर्ज मागे घेण्याची विनंती दाखल केल्यानंतर आणि तारखेपूर्वी. तोपर्यंत बँकेला तुमच्याबाबत निर्णय घेण्याची मोकळीक आहे; आदेशानंतर तेच पत्र केवळ तिच्या कारवाईचा आधार ठरेल. पत्रात अर्जाचा क्रमांक, दाखल दिनांक, सध्याचा टप्पा आणि मागे घेण्याची विनंती एवढेच असावे. ‘मी हप्ते भरणे थांबवले आहे’ किंवा ‘थांबवणार आहे’ असे वाक्य कोणत्याही धनकोला लिहू नका, कारण नादारी अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे अशी सूचना हीच नादारीची कृती (जिच्या आधारे धनको नादारीचा अर्ज करू शकतो) मानली जाते आणि बँकिंग अधिनियमाच्या कलम १० मधील ‘कर्जफेड थांबवली’ या शब्दांनाही ती पुरावा पुरवते. स्टाफ लोनमुळे तुमची बँकही धनकोच आहे, हे विसरू नका.

अर्ज मागे घेतल्यावर धनको दावे लावतील ही तुमची भीती खरी आहे, परंतु तिचे माप ठरलेले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार, पोटगीखेरीज इतर हुकूमनाम्यात (दाव्यात न्यायालयाने दिलेल्या निर्णयात) पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर राहतात. एकाच हुकूमनाम्याखाली एकूण २४ महिने जप्ती झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. भविष्य निर्वाह निधीलाही हात लावता येत नाही. पगाराचा काही भाग काही काळ जाणे आणि नोकरीच जाणे यांत मी पहिल्याची निवड करीन, आणि मधल्या काळात प्रत्येक धनकोशी पूर्ण रक्कम लांब मुदतीत फेडण्याची बोलणी करीन. व्याजात किती सूट मागावी आणि त्या करारांची भाषा कशी असावी, हे प्रत्येक कर्जाचे कागद पाहिल्यावरच ठरवता येईल. त्यासाठी दाखल अर्जाची प्रमाणित प्रत आणि नेमणूकपत्र घेऊन नादारीची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाकडे याच आठवड्यात जा.