वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकाला नव्याशी जोडताना

प्रश्न : वडिलांच्या छापखान्यातील विंडोज ९८ चा पेंटियम संगणक मी हौसेने दुरुस्त केला. त्यात त्या काळच्या लग्नपत्रिका आणि मंडळांचे अहवाल पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. तो व माझा विंडोज ११ चा लॅपटॉप एकाच राउटरला जोडला आहे. नेटवर्क कार्डाचा दिवा लागतो, पण एकाचे फोल्डर दुसऱ्याला दिसत नाहीत. लॅपटॉपवर ‘एसएमबी १’ चालू करण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मानू नये. दिवा लागतो, त्या अर्थी केबल आणि कार्ड ठीक आहेत. अडले आहे ते भाषेपाशी. विंडोजमध्ये फोल्डर सामायिक करण्याच्या पद्धतीला एसएमबी म्हणतात आणि विंडोज ९८ ला तिची पहिलीच आवृत्ती कळते. त्या आवृत्तीतील एका त्रुटीचा आधार घेऊन मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या संगणकांतून एसएमबी १ वगळायला सुरुवात केली. ज्या लॅपटॉपवरून आपण बँकेचे व्यवहार करता, त्याचे हे बंद केलेले दार जुन्या संगणकासाठी पुन्हा उघडणे मला पटत नाही. तडजोड करायचीच असेल, तर ती तिसऱ्या यंत्राने करावी.

आपल्या सीमाभागात बाजारात उभा असलेला दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि दुसऱ्याशी कन्नडमध्ये बोलतो. गिऱ्हाइकांना एकमेकांची भाषा यावी लागत नाही. तसा दुभाषी संगणक मध्ये ठेवावा. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक किंवा लिनक्स घातलेला कोणताही पडून असलेला लॅपटॉप त्याला पुरतो. त्यावर एकच फोल्डर करावे आणि त्याला दोन वाटा द्याव्यात : जुन्या संगणकासाठी एफटीपी ही फाइली पाठवण्याची जुनी पद्धत आणि नव्यासाठी ‘सांबा’ या सॉफ्टवेअरमार्फत आजची सुरक्षित एसएमबी. विंडोज ९८ मध्ये एफटीपीची आज्ञा आधीपासूनच असते, त्यामुळे त्यावर नवे काही बसवण्याचा खटाटोप उरत नाही.

पत्ता हाताने द्यावा. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर जुन्या संगणकाला १९२.१६८.१.५० यासारखा, दुसऱ्या कोणत्याही यंत्राकडे नसलेला पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क द्यावा, मात्र गेटवेचा रकाना मुद्दाम कोरा ठेवावा. त्यामुळे तो घरातल्या यंत्रांशी बोलेल, पण राउटर ओलांडून इंटरनेटवर जाणार नाही. विंडोज ९८ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणे जुलै २००६ मध्येच बंद झाले आहे, म्हणून हा रकाना कोरा असणे मी फार महत्त्वाचे मानतो. हे बदल करताना विंडोज बहुधा मूळ सीडी मागेल आणि संगणक पुन्हा सुरू करायला लावेल. सीडी हाताशी ठेवूनच बसावे.

एफटीपी सुरू झाल्यावर पहिली आज्ञा ‘बिन’, म्हणजे बी-आय-एन ही तीन अक्षरे, हीच द्यावी. ती दिली नाही, तर फाइल साधा मजकूर समजून पाठवली जाते आणि वाटेत तिच्यातील ओळींच्या शेवटच्या खुणा बदलल्या जाऊ शकतात. माझ्या हातून एकदा हे राहिले. ३८ फाइली पलीकडे पोहोचल्या, नावे बरोबर होती, आकारात मात्र थोडा फरक होता आणि त्यांतील एकही उघडली नाही. मूळ डिस्क तेव्हा पुसलेली नव्हती, म्हणून काम वाचले. तेव्हापासून दोन्हीकडच्या फाइलींचे आकार बाइटपर्यंत जुळल्याशिवाय मी पुढे जात नाही. नव्या संगणकावरून उलट दिशेने फाइल पाठवताना तिचे नाव देवनागरीत ठेवू नये. विंडोज ९८ ला ते वाचता येत नाही.

आपल्या फाइलींत आणखी एक अडचण आहे, आणि छापखान्याच्या बाबतीत मला तीच सर्वांत मोठी वाटते. त्या काळचे मराठी फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीचे, नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल, तर ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसेल. म्हणून फाइलींबरोबर विंडोजच्या फॉन्ट फोल्डरचीही प्रत घ्यावी. त्याहून भरवशाचा मार्ग असा, की पत्रिका जुन्या संगणकावरच पेजमेकरमध्ये उघडावी, पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी छपाईची भाषा) समजणारा प्रिंटर निवडून ती कागदाऐवजी फाइलमध्ये छापावी, फॉन्ट त्यातच समाविष्ट करण्याचा पर्याय चालू ठेवावा आणि ती फाइल पलीकडे पाठवून ‘घोस्टस्क्रिप्ट’ या सॉफ्टवेअरने तिची पीडीएफ करावी. अशा वेळी जुना संगणक शोभेची वस्तू राहत नाही. वडिलांनी जुळवलेले पान जसेच्या तसे दाखवू शकणारे घरातील ते एकमेव यंत्र असते.

प्रश्न : माझ्याकडे डॉसवर चालणारा ४८६ प्रोसेसरचा जुना संगणक आहे, त्यात नेटवर्क कार्ड नाही. पावसाळाभर तो बंद होता. लॅपटॉपशी कसा जोडू?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी वीज जोडू नका, खोका उघडा. त्या काळच्या अनेक मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची नळकांडीसारखी बॅटरी डाख देऊन बसवलेली असे. ती गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. खानापूरच्या पावसाळी दमट हवेत हे लवकर बळावते. हिरवट-पांढरा थर दिसला, तर बॅटरी काढून टाकावी, डाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसून जागा स्वच्छ करावी आणि पूर्ण वाळू द्यावी.

जोडणीसाठी सिरियल पोर्ट पुरेसा आहे. लॅपटॉपला यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावून मध्ये नल मोडेम केबल घालावी, म्हणजे नऊ पिनांच्या जोडणीत एकीकडची २ दुसरीकडच्या ३ ला, ३ ही २ ला आणि ५ ही ५ ला जोडलेली. दोन्ही बाजूंना ‘कर्मिट’ हे फाइली पाठवण्याचे सॉफ्टवेअर चालवावे. डॉसवर ते फ्लॉपीने पोहोचवता येते आणि त्यासाठी लॅपटॉपला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लागेल. सेकंदाला १,१५,२०० बिट हा वेग मिळाला, तर एका फ्लॉपीएवढा मजकूर दोन मिनिटांच्या आसपास जातो. अक्षरे गळू लागली, तर पोर्टाची चिप साठवणीची जागा नसलेली जुनी असावी. वेग ३८,४०० किंवा ९,६०० वर आणावा.

प्रश्न : उद्यमबागेतील एका कारखान्याने काढून टाकलेली गोल जोडणीची नेटवर्क कार्डे मिळाली आहेत. ती आजच्या राउटरला लागतील का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : थेट लागणार नाहीत. गोल आणि आजच्यासारखी चौकोनी, अशा दोन्ही जोडण्या असलेला जुना १० मेगाबिटचा हब मिळवावा आणि तो साध्या १०/१००/१००० स्विचला जोडावा. केबल आरजी-५८ या प्रकारचीच घ्यावी, कारण टीव्हीची केबल ७५ ओहमची असते आणि या जाळ्याला ५० ओहमची लागते. एक तुकडा १८५ मीटरपर्यंत चालतो, परंतु त्याच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे तारेचे टोक बंद करणाऱ्या टोप्या, हवेत. त्यांतील एक जरी निघाली, तरी त्या तारेवरील सगळे संगणक एकदम गप्प होतात.