वाडा पाण्याखाली गेला, चित्रांवर हक्क कोणाचा?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इंदापूर तालुक्यातला तुमचा मळ्यातला वाडा उजनीच्या पाण्यात गेला. उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तसं कधीतरी त्याचं जोतं दिसतं, एवढंच. उरली ती ड्रॉइंग मास्तर असलेल्या तुमच्या वडिलांनी काढलेली तीन जलरंगचित्रं आणि आजोबांनी १९६८ साली पैसे देऊन काढून घेतलेला फोटो. चित्रं चुलतभावाकडे आहेत. त्याने ती एका कृषी पर्यटन केंद्राला वापरायला दिली. केंद्राने कोपऱ्यातली सही पुसून, रंग भडक करून ती माहितीपत्रकावर छापली. ‘चित्रं माझ्या भिंतीवर आहेत, म्हणजे माझीच,’ असं तो म्हणतो.

हे चूक आहे. कागद ज्याच्याकडे, त्याचाच कॉपीराइट असं कायदा मानत नाही. वडिलांनी चित्रं त्याला प्रेमाने दिली असतील, तरी छापण्याचा हक्क द्यायला सहीचा लेख लागतो. तसा लेख आणि मृत्युपत्र दोन्ही नाही, असं तुम्ही लिहिता. मग हक्क आई, तुम्ही आणि तुमचा भाऊ यांचा. वडील १९९४ मध्ये गेले. पुढची साठ वर्षं १ जानेवारी १९९५ पासून मोजायची, म्हणजे तो २०५४ अखेरपर्यंत टिकेल. नोंदणी केलेली नसली तरी बिघडत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते सही पुसणं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे चित्रकाराचं नाव लावून घेण्याचा आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल अशा फेरफाराला हरकत घेण्याचा हक्क त्याच्या पश्चात वारसांना बजावता येतो. या हक्काच्या जोरावर शिल्पकार अमरनाथ सहगल २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात थेट केंद्र सरकारविरुद्ध जिंकले होते.

फोटोचं मात्र वेगळं आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक, उलट करार नसेल तर, आजोबाच. त्यामुळे त्यांच्या वारसांत चुलतभावाचाही वाटा येऊ शकतो. पण एकट्याने तिसऱ्याला परवानगी देणं त्याच्या हातात नाही. आणि उद्या केंद्राने वडिलांच्या चित्रांची किंवा फोटोची नक्कल न करता कोणाकडून तरी वाड्याचं नवं चित्र काढून घेतलं, तर ते थांबवता येणार नाही. तुमचा हक्क वडिलांच्या हातच्या चित्रांवर आहे.

आता करायचं काय? आधी मूळ चित्रांचे, सही स्पष्ट दिसेल असे फोटो मिळवा. कायदा चित्रावरच्या नावाला चित्रकाराचंच गृहीत धरतो, म्हणून ती सही तुमचा मोठा पुरावा. चुलतभावाकडे त्यासाठी शब्द टाका, भांडू नका. माहितीपत्रकाची एक प्रत जपून ठेवा. मग वकिलामार्फत नोटीस केंद्राला पाठवा: छपाई थांबवा, शिल्लक प्रती द्या, वडिलांचं नाव लावा, मोबदला द्या. ऐकलं नाही, तर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो. भरपाईसाठी मुदत तीन वर्षांची आहे, तेव्हा पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका.