बीपी बघणं आधी आपलं काम नव्हतंच

अगं, तुझा मेसेज वाचला, "ताई, डॉक्टरांची निम्मी कामं आम्ही नर्सच करतो, मग आम्ही नक्की कोण?" रात्रपाळी करून आलीस वाटतं, असे प्रश्न सकाळी सातलाच पडतात.

तो थर्मामीटर आहे ना तुझ्या खिशात, तो आधी फूटभर लांब असायचा आणि एकदा ताप बघायला वीसेक मिनिटं जायची, म्हणजे डॉक्टरांचंच काम. १८६० च्या दशकात ऑलबट नावाच्या इंग्रज डॉक्टरने सहा इंची थर्मामीटर आणला, पाच मिनिटांत ताप कळायला लागला, आणि मग हळूहळू ते काम आपल्याकडे सरकलं. बीपीचं तसंच, १९०५ ला कोरोटकॉफ नावाच्या रशियन डॉक्टरने स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची पद्धत सांगितली तेव्हा तीही डॉक्टरांचीच होती. सलाईन लावणंसुद्धा नंतरच आलं आपल्याकडे.

पण मला खरी गोष्ट वाटते ती १९६० नंतरच्या हार्टच्या आयसीयूची. ठोक्यांची लय बिघडली की डॉक्टर धावत येईपर्यंत पेशंट गेलेला असायचा, म्हणून मॉनिटरसमोर बसलेल्या नर्सलाच शॉक द्यायची मुभा मिळाली. इथे नुसतं मशीन हातात नाही आलं, निर्णय आला. पुढे १९६५ मध्ये कोलोरॅडोला लोरेटा फोर्ड या नर्सने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासोबत नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स काढला, त्यात नर्सने स्वतः मुलांना तपासायचं होतं. सगळ्यांना आवडलं नाही हे, अगदी आपल्यातल्याच कित्येकींना नाही.

आता माझं ऐक. नवीन होते तेव्हा श्वास कधी मोजलेच नाहीत, सगळ्यांच्या चार्टवर २० लिहायचे, सगळेच लिहायचे. एका रात्री एका आजोबांचं बीपी ठीक, ताप नाही, २० लिहून पुढे गेले. पहाटे इन्चार्ज सिस्टरनी त्यांचं मनगट धरलं, नाडी बघतोय असं दाखवत (नाहीतर पेशंट मुद्दाम श्वास बदलतो) पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत राहिल्या, ३४. मला काही बोलल्या नाहीत, माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, आधी नंबर, मग रात्री किती होते, मग "तुम्ही आत्ता यायला हवं". रात्री किती होते ते मलाच विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजोबा वाचले, पण ते माझ्यामुळे नाही.

म्हणून सांगते, कोणी नवीन काम दिलं तर नाही म्हणू नकोस, पण आधी विचार, हे करताना काही बिघडलं तर मी काय करायचं, कोणाला बोलवायचं, आणि कुठपर्यंत माझ्या हातात आहे, आणि ते लेखी घे, तोंडी "करून टाका हो सिस्टर" वर जाऊ नकोस, नंतर ते कोणालाच आठवत नाही.

आज झोप काढ नीट. उद्या ड्युटीवर गेलीस की तुमच्या वॉर्डचे चार्ट उघडून बघ, किती जणांचे श्वास २० लिहिलेत, आणि मला कळव.