कर्ज काढून डिस्नेलँड? ताई, आधी तारीख बदला

जानेवारीच्या शेवटी एका ताईंचं पत्र आलं. घरात पाच माणसं: नवरा-बायको दोघंही नोकरीत, दहा वर्षांची मुलगी, एप्रिलमध्ये चार पूर्ण करणारा मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सहासष्ट वर्षांच्या सासूबाई. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,३५,०००. त्यातून घराच्या कर्जाचा हप्ता ३८,०००, घरखर्च ५५,०००, शाळेची फी आणि बस ८,०००, एसआयपी १०,०००. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा अशी सात रात्रींची जपानची सहल ठरते आहे. टोकियो डिस्नेचे दोन दिवस, शिवाय क्योटो आणि ओसाका. टूरवाल्याने ६,८०,००० सांगितले आहेत. सहलीसाठी बाजूला काढलेली २,५०,००० ची एफडी आहे आणि अडीअडचणीसाठी वेगळी ३,००,००० ची. उरलेल्या ४,३०,००० साठी मिस्टर तेरा टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन काढायचं म्हणतात. ताईंचं मन होत नाही, पण त्या लिहितात, "मुलगी अजून दोन वर्षांनी आमच्याबरोबर मिकी माऊस बघायला येईल का?"

ताई, या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते खरं आहे. मुलांचं वय एफडीसारखं रिन्यू होत नाही. "आधी घराचं कर्ज फेडा, मग फिरा" असं मी तुम्हाला सांगणार नाही. घराचं कर्ज फिटेल तेव्हा मुलगी तिच्या मैत्रिणींबरोबर फिरत असेल. सहल कराच, आणि ती याच वर्षी करा. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे: ते कर्ज आणि तो आठवडा. आणि मला विचाराल तर कर्जाची गरज मुळात त्या आठवड्यामुळेच पडते आहे.

आधी कर्जाचं बघू. ४,३०,००० वर तेरा टक्क्यांनी छत्तीस महिने म्हणजे दरमहा साधारण १४,५०० चा हप्ता आणि एकूण व्याज ९१,५०० च्या आसपास. हे व्याज कशाएवढं आहे बघा. टोकियो डिस्नेमध्ये तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. ऑक्टोबर २०२३ च्या दरपत्रकात मोठ्यांना एका दिवसाचे ७,९०० ते १०,९०० येन, चार ते अकरा वर्षांच्या मुलांना ४,७०० ते ५,६०० येन. तुम्ही पाच जण सर्वांत महाग दिवशी गेलात तरी एका दिवसाचे ४३,९०० येन होतात, दोन दिवसांचे ८७,८००. येन साठ पैशांना धरला तर ५२,७०० रुपये. म्हणजे पाच जणांच्या दोन्ही दिवसांच्या सगळ्यात महाग तिकिटांपेक्षाही तुमचं नुसतं व्याज जास्त आहे. पार्कात पाऊल टाकण्याआधीच एक आख्खी डिस्नेवारी बँकेला देऊन झालेली असेल.

दुसरं, आज तुमच्याकडे महिन्याला २४,००० शिल्लक पडतात. हप्ता गेल्यावर ९,५०० राहतील आणि तेही तीन वर्षं. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मुलगी तेराची असेल, आठवीच्या उंबरठ्यावर, क्लासच्या फीसकट. आणि अडीअडचणीची एफडी मोडून कर्ज कमी करू, असंही मनात आणू नका. तुमचा न टाळता येणारा महिन्याचा खर्च लाखभर आहे, म्हणजे ते तीन लाख म्हणजे जेमतेम तीन महिने. घरात वयस्कर माणूस आणि दोन मुलं असताना मी तर ती रक्कम वाढवा म्हणेन. तिला हात लावायचा नाही.

आता तो आठवडा. टूरवाल्याने सांगितलं असेल की नाही माहीत नाही, पण २९ एप्रिल ते ५ मे या दिवसांत जपानमध्ये सुट्ट्यांची रांग लागते. २९ एप्रिल, ३ मे, ४ मे आणि ५ मे असे चार सरकारी सुट्टीचे दिवस. त्याला ते गोल्डन वीक म्हणतात. त्यातला ५ मे तर त्यांचा बालदिन. म्हणजे तुम्ही मुलांना ज्या दिवसांत डिस्नेला नेणार, नेमक्या त्याच दिवसांत तिथले आईबापही आपापली मुलं घेऊन बाहेर पडणार. विमान, हॉटेल, तिकीट, सगळं चढ्या भावात, आणि एवढं मोजून हातात काय, तर रांग.

रांगेचा हिशेब कुणी पैशात मांडत नाही, म्हणून मांडून दाखवते. तुमच्या सहलीचा एक दिवस, सगळा खर्च धरून, सुमारे ९७,००० रुपयांना पडतो. गर्दीच्या दिवशी नावाजलेल्या राइडला दीड-दोन तास उभं राहावं लागतं. जेवण, बाथरूम, सासूबाईंना टेकायला जागा शोधणं हे धरलं तर दिवसभरात पाच राइड झाल्या तरी पुष्कळ. एक राइड एकोणीस हजारांना पडली. तोच दिवस कमी गर्दीचा असेल आणि दहा राइड झाल्या, तर किंमत निम्मी. तिकीट तेच, विमान तेच, पाय मात्र कमी दुखतात.

मी स्वतः अशा एका रांगेत उभी होते. फलकावर ११० मिनिटं लिहिलेली. पहिला अर्धा तास माझी मुलगी उड्या मारत होती, दुसऱ्या अर्ध्या तासात "अजून किती" सुरू झालं, आणि आमचा नंबर आला तेव्हा ती माझ्या खांद्यावर झोपलेली होती. गळ्यातला पॉपकॉर्नचा डबा माझ्या पाठीवर आपटत होता. तिला उठवलं, तर ती रडली. त्या राइडचं तिला आज काहीच आठवत नाही. आठवते ती संध्याकाळची परेड, कारण त्या वेळी आम्ही जमिनीवर पथारी टाकून निवांत बसलो होतो. तिथली कुटुंबंही अशीच चटई अंथरून बसतात, आजीआजोबांसकट.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: सहल नोव्हेंबरवर न्या. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे, मुलांना सुट्टी आहे, भाऊबीज आटोपून निघता येईल. विमानाचं तिकीट तेव्हाही स्वस्त नसतं, हे मान्य. आणि नोव्हेंबरात पार्क रिकामं असतं असंही नाही, नाताळची आरास बघायला लोक येतातच. पण ३ आणि २३ नोव्हेंबर या तिथल्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळून मंगळवार ते गुरुवार धरलात, तर गोल्डन वीकशी तुलनाच नको. त्याहून पुढे मात्र ढकलू नका. मुलगी सप्टेंबरात अकराची होईल, म्हणजे नोव्हेंबरात ती अजून लहान मुलांच्याच दरात बसते. बारा पूर्ण झाले की वरचा दर लागतो. तिचा मूड म्हणाल, तर अकराव्या वर्षी मुली मिकीबरोबर फोटो काढतात, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

मुलाचं मात्र उलटं आहे. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे तिकीट लागत नाही, आणि तो एप्रिलमध्ये चारचा होतो, म्हणजे मेमध्ये गेलात काय किंवा नोव्हेंबरात, त्याचं तिकीट लागणारच. मग ज्या महिन्यात त्या तिकिटाचा जास्त उपयोग होईल तो महिना धरावा. बिग थंडर माउंटन या डोंगरातल्या आगगाडीला किमान उंची १०२ सेंटिमीटर लागते. चार वर्षांची पुष्कळ मुलं शंभराच्या अलीकडे-पलीकडे असतात. रांगेच्या तोंडाशी कर्मचारी हसतमुखाने पट्टीजवळ उभं करतात आणि एक सेंटिमीटर कमी भरला तरी तितक्याच हसतमुखाने नाही म्हणतात. मग एक पालक मुलाला घेऊन बाहेर बसतो. सहा-सात महिन्यांत या वयाची मुलं तीन-चार सेंटिमीटर सहज वाढतात.

पैशाचं असं जमतं. फेब्रुवारी ते ऑक्टोबर नऊ पगार, दरमहा २४,००० म्हणजे २,१६,०००. हे पैसे पगाराच्या दिवशीच वेगळ्या रिकरिंगमध्ये टाका, महिनाअखेरीस उरतील ते टाकू असं म्हणालात तर उरणार नाहीत. त्यात २,५०,००० ची एफडी. मिस्टरांना दिवाळीच्या आधी ८०,००० च्या आसपास बोनस मिळतो असं तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलं आहे, आणि तो सोफासेटसाठी धरला आहे. सोफा एक वर्ष थांबू शकतो. सगळं मिळून ५,४६,००० होतात. एसआयपी चालू, अडचणीची एफडी जागेवर, कर्ज शून्य.

ते ६,८०,००० पेक्षा कमी आहेत, हे मलाही दिसतंय. तेव्हा सहल तेवढ्या मापात शिवायची. सगळ्यात आधी क्योटो-ओसाका काढून टाका. टोकियो ते क्योटो बुलेट ट्रेनचं रिझर्व्ह तिकीट एका मोठ्या माणसाला एका बाजूचं १४,००० येनच्या आसपास आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहान मूल मांडीवर फुकट. तुमचं जाऊन-येऊन ९८,००० येन होतं, म्हणजे जवळजवळ ५९,००० रुपये. डिस्नेच्या दोन महागड्या दिवसांपेक्षा जास्त, आणि तेही एका मंदिरातून दुसऱ्या मंदिरात सासूबाईंना पायऱ्या चढायला लावण्यासाठी. क्योटो सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती तुम्हा दोघांची सहल आहे, या पाच जणांची नाही. एक रात्रही कमी करा. आणि पार्कातल्या हॉटेलचा हट्ट नको. टोकियो स्टेशनवरून केइयो लाइनने माइहामा स्टेशन पंधरा-एक मिनिटांवर आहे, उतरलं की समोर पार्क. त्या लाइनच्या जवळ साधं, लिफ्ट असलेलं हॉटेल बघा.

एवढं करूनही आकडा साडेपाच लाखांत बसला नाही, तर डिस्नेचा एक दिवस कमी करा. तेवढंच अंतर कर्जाने भरू, असं मात्र नको. दोन दिवस ठेवलेच तर ते लागोपाठ ठेवू नका, मध्ये एक दिवस नुसता बागेत काढा. आजी आणि नातू दोघांनाही तो लागेल.

एका ठिकाणी मात्र हात आखडू नका. तिथे प्रीमियर अॅक्सेस म्हणून सोय आहे, ठरावीक राइडला माणशी १,५०० ते २,५०० येन जादा भरले की लांब रांग टळते. एरवी मी अशा जादा खर्चाला नको म्हणते. पण ब्यूटी अँड द बीस्टच्या राइडला, जी २०२० मध्ये सुरू झाली आणि जिथे मोठ्या कपात बसून हळूहळू फिरायचं असतं, तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे एकत्र बसू शकतात. पाच जणांचे दहा हजार येन, म्हणजे सहा हजार रुपये. पाचही माणसं एकदम हसताहेत असा फोटो त्या सहलीत एकदाच मिळेल, त्यासाठी हे सहा हजार आनंदाने द्या. बाकीच्या राइडना मोठी मुलगी आणि बाबा रांग लावतील.

पार्कचं तिकीट दोन महिने आधी तारखेसकट ऑनलाइन काढता येतं, म्हणून सगळी रक्कम आज कुणाच्या हातात देऊ नका. दर तेव्हा पुन्हा तपासा, बदललेले असू शकतात. येनसुद्धा एकदम घेऊ नका. जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर असे तीन टप्पे करून फॉरेक्स कार्डावर घ्या, म्हणजे एकाच वाईट भावात सगळे पैसे अडकायचे नाहीत. पॅकेजच घेणार असाल तर त्यावर टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने पैसे घेतानाच गोळा केलेला आगाऊ कर, घेतला जातो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना करात वळता होतो, पण ज्याच्या पॅनवर बुकिंग आहे त्याच्याच नावावर जमा होतो. म्हणून दोघांपैकी ज्यांचा कर जास्त कापला जातो त्यांच्या नावाने बुकिंग करा, आणि पगारातल्या टीडीएसमध्ये तो आधीच वळता करता येईल का ते ऑफिसच्या अकाउंट्स विभागाला विचारा.

आता एक गोष्ट जी हिशेबात येत नाही. सासूबाईंना यायचं आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही त्यांना मागे ठेवू इच्छित नाही, हे कळतं आणि आवडलंही. पण त्यांना एकदा शांतपणे विचारा, मिस्टरांनी विचारलं तर जास्त बरं. "तुम्ही जाऊन या, मी थांबते" हे उत्तर मुलाच्या खर्चाच्या काळजीने आलंय की गुडघ्यांमुळे, हे ऐकणाऱ्याला कळतं. यायचं असेल तर पार्कात व्हीलचेअर भाड्याने मिळते, लाजायचं कारण नाही. विमा घेताना त्यांचा गुडघ्याचा जुना त्रास फॉर्मवर लिहा, लपवू नका. यायचं नसेल तर वाचलेल्या पैशांतला काही भाग त्यांच्या मनाजोगत्या ठिकाणी त्यांना नेण्यासाठी ठेवा, तोही याच वर्षी.

टूरवाल्याला या आठवड्यात टोकन देऊ नका. मिस्टरांना हा हिशेब दाखवा, विशेषतः व्याजाचा तो ९१,५०० चा आकडा. आणि आज संध्याकाळी मुलाला दाराच्या चौकटीला पाठ लावून, चप्पल काढून उभं करा, पेन्सिलने खूण करून टेपने मोजा आणि शेजारी तारीख लिहा. मला आकडा कळवा. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा मोजू, मग बुकिंग करू.