गावात प्रायोगिक नाटक करायचं असेल, तर नेपथ्यासाठी कोणतं साहित्य वापरावं?

रंगवलेले पडदे नकोत, शहरातून सेट आणायला पैसे नाहीत आणि नाटक प्रायोगिक आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी गडचिरोलीतल्या वडसा भागात झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचं नेपथ्य करतो, अधूनमधून प्रायोगिकही. माझं म्हणणं एवढंच, की वस्तू कशासारखी दिसते ते पाहू नका, नटाला तिचं काय करता येतं ते पाहा.

१९६२ मध्ये पोलंडमध्ये दिग्दर्शक ग्रोटोव्स्कींनी ‘अक्रोपोलिस’ हे नाटक केलं. नेपथ्य योझेफ शायना यांचं, जे स्वतः आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेले. सामान म्हणजे गंजलेले धुराड्याचे पाईप, ढकलगाड्या, एक बाथटब. नटांच्या अंगावर भोकं पडलेली पोती. नाटक घडतं छळछावणीत, पण छावणीचं चित्र कुठेच नाही. कैदी झालेले नट प्रेक्षकांमध्येच पाईप जोडत राहतात आणि शेवटी स्वतः उभारलेल्या भट्टीत उतरतात. मला यापेक्षा मोठं नेपथ्य माहीत नाही, आणि यातली एकही वस्तू आपल्याकडच्या भंगारवाल्याकडे मिळणार नाही अशी नाही.

आता तुमचं. सांगाडा बांबूचा करा. बांबूत थेट खिळा ठोकला की तो उभा चिरतो, म्हणून सांधा पेराजवळ घ्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून आवळा. सुतळीपेक्षा पकड चांगली बसते. चौकटीत एक तिरपी काठी हवीच, नाहीतर नट चढला की सगळं डुलतं. चढता न येणारा सांगाडा बांधूच नका.

भिंतीसाठी बारदाना किंवा बुरडाकडचा तट्टा, म्हणजे विणलेली बांबूची चटई, घ्या. फ्लेक्स नको, तो दिव्यात चमकतो. बारदान्यावर समोरून उजेड मारला तर ते नुसतं मळकं फडकं दिसतं. तोच दिवा बाजूला, कापडाला जवळजवळ चिकटून लावा. एकेक धागा, एकेक सुरकुती सावली धरते आणि नांगरलेल्या वावरासारखा पोत उभा राहतो. रंगाचा खर्च वाचतो तो वेगळाच.

तणीस (भाताचा पेंढा), तुराट्या, पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्या) जरूर वापरा, पण हॅलोजनच्या तापलेल्या दिव्यांपासून लांब. आग लवकर धरू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी फवारून पूर्ण वाळवा. एक काडी बाहेर नेऊन पेटवून बघा, ती भडकली नाही तरच बाकीचं मंचावर आणा. तरीही विंगेत वाळूच्या बादल्या असू द्या.

नाटकाचा विषय आणि मंचाचं माप कळवलंत, तर बांधणी नेमकी सांगता येईल.