बेसबॉल सामन्याचा अंदाज: मॉडेल 54 टक्क्यांवरच का अडतं?

तुमचा प्रश्न असा: मेजर लीग बेसबॉलमध्ये कोण जिंकेल हे सांगणारं मॉडेल 54 टक्क्यांपुढे सरकत नाही, तर आयपीएलच्या मॉडेलसारखा शेवटच्या पाच सामन्यांचा फॉर्म घातला तर सुधारेल का?

नाही सुधारणार. डोळे मिटून दरवेळी यजमान संघाचं नाव घेतलं तरी 53-54 टक्के उत्तरं बरोबर येतात. म्हणजे तुमचं मॉडेल सध्या सामना कुठे आहे एवढंच ओळखतंय. वरची मर्यादाही फार लांब नाही. चांगली मॉडेल्स 57 ते 60 टक्क्यांत फिरतात, कारण खेळच तसा आहे. 2001 मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सने 116 सामने जिंकले, तरी 46 हरलेच. 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स 121 हरले, तरी 41 वेळा समोरच्याला हरवून गेले. त्यामुळे ‘कोण जिंकेल’ हे सोडा, ‘किती टक्के शक्यता’ हे काढा.

सुरुवात जय-पराजयांपासून नको, धावांपासून करा. समजा 60 सामन्यांत ‘अ’ संघाने 300 धावा केल्या आणि 250 दिल्या. 300 भागिले 250 म्हणजे 1.2, त्याचा 1.83 वा घात 1.396, त्याला 2.396 ने (त्यातच 1 मिळवून) भागलं की 0.583, म्हणजे शंभरात साधारण 58 सामने जिंकण्याची ताकद. हे बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्सचं पायथागोरियन सूत्र (मूळ घात 2 होता, 1.83 जास्त नेमका बसतो). पण 60 सामन्यांवर एवढा विश्वास टाकायचा नाही. त्यात बरोबरीचे, म्हणजे 0.500 चे, साधारण 70 सामने मिसळा: (0.583 × 60 + 35) ÷ 130 = 0.538. ‘ब’ संघाच्या 260 केलेल्या आणि 280 दिलेल्या धावांवरून याच रीतीने 0.484 येतं. आता 0.538 × 0.516 आणि 0.484 × 0.462 हे दोन गुणाकार करा (0.516 म्हणजे 1 उणे 0.484, 0.462 म्हणजे 1 उणे 0.538), पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा. ‘अ’ ची शक्यता 55 टक्के. ‘अ’ यजमान असेल तर जिंकण्या-हरण्याचं गुणोत्तर 1.15 ने वाढवा, साधारण 59 टक्के होतात.

खरा फरक यानंतर पडतो, तो सुरुवातीच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने. टी-20 त एक गोलंदाज 20 पैकी 4 षटकं टाकतो. इथे एकटा स्टार्टर (हाच सुरुवातीचा पिचर) 9 पैकी 5-6 इनिंग्ज (डाव) उरकतो, आणि दर पाच-सहा दिवसांनी येतो. म्हणजे त्याच संघाची ताकद रोज वेगळी. ‘ब’ चा आजचा स्टार्टर त्यांच्याच पिचिंगच्या सरासरीपेक्षा 9 इनिंग्जमागे 1 धावेने सरस असेल, तर साडेपाच इनिंग्जमध्ये 0.6 धाव वाचते. मोसमात साधारण 10 धावांमागे एक विजय, या हिशेबाने 6 टक्के गेले: 59 चे 53. तुलना स्वतःच्या संघाच्या सरासरीशीच करा, लीगच्या नको; नाहीतर संघाने दिलेल्या धावांत जे आधीच मोजलंय ते दोनदा मोजाल.

पिचरची पारख त्याच्या नावापुढच्या जय-पराजयांवरून करू नका, आणि एप्रिलमध्ये, मोसमाच्या सुरुवातीला, नुसत्या ईआरएवरूनही (9 इनिंग्जमागे दिलेल्या धावा) नको. मैदानात खेळला गेलेला चेंडू (होम रन, म्हणजे षटकारासारखा फटका, सोडून) साधारण 30 टक्के वेळा हिट होतो, म्हणजे बॅटर सुखरूप बेसवर पोचतो, आणि त्यावर पिचरचा ताबा कमी असतो. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) आणि होम रन यांच्यावरून निघणारा एफआयपी हा आकडा वापरा. बुलपेनमधले मुख्य रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारे राखीव पिचर) सलग दोन दिवस टाकून आलेत का, तेही बघा. अमुक बॅटर विरुद्ध तमुक पिचर, 12 पैकी 6 हिट, असले आकडे कॉमेंट्रीत ऐकायला छान, मॉडेलमध्ये निव्वळ कचरा. डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर (उंची सुमारे 1,600 मीटर) धावांचा पाऊस पडतो, म्हणून तिथल्या रॉकीज संघाच्या धावा मैदानाच्या गुणकाने (तिथे इतरांपेक्षा किती पट धावा होतात) दुरुस्त केल्याशिवाय वापरू नका.

उद्या मॉडेल अचानक 70 टक्के दाखवायला लागलं तर आनंदाने उडी मारण्याआधी गळती शोधा, म्हणजे नंतरची माहिती मॉडेलमध्ये आधीच शिरली आहे का ते बघा. बहुतेक वेळा मोसमाच्या शेवटचे आकडे मे महिन्यातल्या सामन्याला जोडलेले सापडतात, किंवा एकाच सामन्याच्या यजमान आणि पाहुणा अशा दोन ओळींपैकी एक शिकवणीत, दुसरी चाचणीत गेलेली असते. विभागणी तारखेनेच करा. 2020 चा 60 सामन्यांचा मोसम वेगळा ठेवा. 100 सामन्यांवरून निष्कर्ष काढू नका, तिथे टक्केवारीची प्रमाणित त्रुटीच (निव्वळ योगायोगाने होणारी नेहमीची चूक) 5 आहे. पूर्ण मोसमाच्या 2,430 सामन्यांवर ती 1 होते.

मापदंड म्हणून सट्टेबाजारातला भाव घ्या, पैज लावायला नव्हे. एका संघाला उणे 150 (100 जिंकायला 150 लावायचे) म्हणजे 60 टक्के, दुसऱ्याला अधिक 130 (100 लावून 130 जिंकायचे) म्हणजे 43.5. बेरीज 103.5, त्यातले वरचे साडेतीन बुकीचे. 60 ला 1.035 ने भागा: 58. तुमचा ब्रायर स्कोअर (अंदाज आणि निकाल यांतल्या फरकाच्या वर्गांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) या आकड्यांवरून निघणाऱ्या स्कोअरच्या जवळ आला तरी काम चांगलं झालंय. नाणेफेकीचा स्कोअर 0.25 असतो.

वेळेचंही बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी 7 चा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, आणि बॅटिंग ऑर्डर बहुधा मध्यरात्रीनंतरच हाती येते. रात्री दहाला मॉडेल चालवून झोपलात तर ती माहिती त्यात नसते. म्हणून प्रत्येक अंदाजासोबत तो किती वाजता काढला तेही साठवा, आणि स्टार्टर ऐनवेळी बदलला असेल तर तो अंदाज हिशेबातून वेगळा काढा.