पोराला लाईनवर पाठवू की नको?

महावितरणची विद्युत सहाय्यकची, म्हणजे खांबावर चढून लाईनचं काम करणाऱ्या नवीन माणसाची, जाहिरात निघाली की हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्याला हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. बाप पगार विचारतो, आई खांबाची उंची.

अशीच एक मायलेकरांची जोडी आली होती (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत). पोरगा दहावी करून आयटीआय झालेला, वीजतंत्री ट्रेड, वर अप्रेंटिसशिप पण केलेली, म्हणजे फॉर्म भरायला सगळं तयार. आई म्हणाली, "मॅडम, ह्याला एखाद्या फॅक्टरीत चिकटवा, तारेवर नको, आमच्या भावकीतला एकजण असाच गेला." पोरगं लगेच, "तो पिऊन चढला होता गं." "तू होतास का बघायला?" झालं, तिथंच जुंपली.

मी एवढंच विचारलं की तेव्हा लाईन चालू होती का बंद. आई म्हणाली, बंदच केली होती म्हणे, मग करंट आला कुठनं?

आता याचं उत्तर पोराला माहीत होतं पण घरात कधी कुणी त्याला विचारलंच नव्हतं, म्हणून मी त्याला म्हणलं आईला सांग. मग तो सांगत सुटला, की कुणाचा तरी जनरेटर चालू असतो, चेंजओव्हर (जनरेटर चालू असताना घर लाईनपासून तोडणारा स्विच) नीट बसवलेला नसतो, तो करंट उलटा तारेत येतो आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलटा वर गेला की पुढं ११ हजार व्होल्ट होतो, म्हणून एबी स्विच (लाईन बंद करायचा खांबावरचा स्विच) पाडला तरी आधी टेस्टरनं बघायचं, मग डिस्चार्ज रॉड (तारेतला करंट जमिनीत उतरवणारी दांडी) लावून लाईन अर्थ करायची, काम करतो त्या जागेच्या दोन्ही बाजूंनी, आणि मगच तारेला हात. आणि सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घेतल्याशिवाय तर शिडीच लावायची नाही. आई सगळं ऐकून म्हणाली, "मग त्यानं रॉड लावला नव्हता?" पोरगा गप्प.

मग मी त्याला विचारलं, पाऊस चालूय, रात्रीचे अकरा वाजलेत, गावातून फोनवर फोन येतायत, साहेब म्हणतात दोन मिनिटांचं काम आहे, रॉड-बिड राहू दे, चढ पटकन. काय करशील? तो म्हणाला, "चढणार की मॅडम, नवीन माणूस साहेबांना नाही कसा म्हणणार?"

मला विचाराल तर खरी काळजी इथं होती. उंचीची भीती सरावानं जाते, अप्रेंटिसशिपमध्ये त्याची गेलीच होती. त्याला घाई करणाऱ्या माणसासमोर थांबता येत नव्हतं, आणि हे काही आयटीआयच्या पेपरात विचारत नाहीत. पुढच्या भेटीत मी साहेब झाले, चांगली आरडाओरड केली, तो वायरमन. आधी नुसता अडखळला, मग एक वाक्य सापडलं त्याला: "साहेब, चढतो, रॉड लावून चढतो, पाच मिनिटं द्या." नाही म्हणायचं नाही, फक्त वेळ मागायचा. हे त्याच्या स्वभावाला झेपणारं होतं.

एका रिटायर लाईनमनकडे पण पाठवलं त्याला. तिथनं येऊन म्हणाला, मॅडम, खांबापेक्षा वसुलीच जास्त आहे हो यात! आहेच. थकलेल्या बिलाची लाईन कापायला ओळखीच्याच घरी जावं लागतं आणि शिव्या खाव्या लागतात. आईला याचं काहीच वाटलं नाही, शिव्यांनी कोण मरत नाही म्हणाली.

बापाचा पगाराचा प्रश्न फोनवरच मिटला. पहिली तीन वर्षं कंत्राटी, मानधनावर. ५३४७ जागांची जाहिरात निघाली होती त्यात पहिल्या वर्षी १५ हजार, मग १६, मग १७ असं होतं, नंतर काम बघून तंत्रज्ञ म्हणून घेतात. ही तीन वर्षं घरानं धरून चालावीत.

फॉर्म भरलाय त्यानं. आईची भीती गेली का, तर नाही, आणि मी घालवायला पण गेले नाही. तिला एवढंच सांगितलंय की लागला तर रोज "जपून रे" म्हणू नका, त्याला पोरं हो हो करतात, "आज रॉड लावला होतास का" असं विचारा.